ऑर्केस्ट्रा, लग्न, गॅदरिंग, रॉक बँड: सगळीकडं चालेल असा पेडलबोर्ड कसा बांधावा? (कोल्हापूर)

पन्हाळा_पॉवरकॉर्ड

नमस्कार मंडळी.

गणपती-नवरात्रात मंडळांचे ऑर्केस्ट्रा, लग्नसराईत संगीत आणि रिसेप्शन, अधूनमधून कॉलेजांची गॅदरिंग, शिवाय आमचा चौघांचा रॉक बँड. एवढ्या सगळ्याला माझ्याकडं एक जुनं छोटं मल्टिइफेक्ट (सगळे इफेक्ट एकाच डब्यात) आहे. घरात त्याचा आवाज लई भारी. स्टेजवर गेलं की दोन भानगडी होतात. गाणं चालू असताना पॅच (साठवून ठेवलेली सेटिंग) बदलला की क्षणभर आवाज तुटतो. आणि सोलो आला की मी वाजवतोय हे फक्त मलाच कळतं, पब्लिकला नाही.

गिटार स्ट्रॅट धाटणीची, ब्रिजला हंबकर (तारांचा आवाज पकडणारा दुहेरी पिकअप). अँप बहुतेक ठिकाणी मिळतच नाही, साउंडवाला एक केबल हातात देतो आणि "लाव" म्हणतो. बजेट ३५ हजारांपर्यंत. सगळं स्कूटरवर बसलं पाहिजे, गिटार पाठीला.

वेगळी पेडलं (एकेका इफेक्टचे, पायानं दाबायचे डबे) घेऊन बोर्ड बांधू, की मोठं मल्टिइफेक्ट घेऊन मोकळा होऊ? वेगळी घ्यायची तर आधी कुठली?

मिसळ_विथ_डिले

पहिलं पेडल असं घे की दाबलं की निवेदक बोलायचा थांबतो. बाकीचं निवांत बघू.

पुणेकर_टोन

वेगळी पेडल्सच. मल्टिइफेक्टमधला ओव्हरड्राइव्ह (आवाज थोडा फाडणारा इफेक्ट) पिकच्या जोराला तसा प्रतिसाद देत नाही, हे कुणी कितीही नाकारलं तरी कानाला कळतं. एक ट्यूब स्क्रीमर (ओव्हरड्राइव्ह), एक रॅट (जास्त फाडणारं डिस्टॉर्शन), एक अॅनालॉग डिले (प्रतिध्वनी), एक फेझर (आवाज घुमवणारा). सगळी ट्रू बायपास बघून घ्या, म्हणजे बंद असताना सिग्नल पेडलचं सर्किट टाळून थेट जातो, शुद्ध राहतो. चांगल्या पेडलला नंतर गिऱ्हाईकही मिळतं. चार वर्षांपूर्वीचं मल्टिइफेक्ट कोण विचारतो?

जुना_ऑर्केस्ट्रावाला

पेडलची यादी नंतर काढ बाळा, आधी गाण्यांची काढ. मागच्या सीझनला जी वाजवली ती सगळी कागदावर लिही आणि प्रत्येकासमोर गिटारचा आवाज काय लागतो तेवढंच लिही. क्लीन. क्लीनवर कोरस (आवाज दुणावून जाड करणारा इफेक्ट). थोडा मळलेला. पूर्ण फाटलेला. वाह (पायानं पुढंमागं करून आवाज 'वाव-वाव' करणारं पेडल). डिलेवाला सोलो. यादी पुरी झाली की तुझं तुलाच दिसेल की रात्रीच्या कार्यक्रमात पाऊण वेळ तू क्लीन वाजवतोस. लावणीत, कोळीगीतात, जुन्या युगुलगीतात गिटारला स्ट्रोक आणि छोटे फिलर, बस. पण पोरं पैसे घालतात तीन-तीन डिस्टॉर्शनमध्ये.

सत्तरच्या दशकातली हिंदी गाणी घेतलीस तर वाह आणि फेझर दोन्ही लागतात, त्यांच्याशिवाय ती गाणी उघडीबोडकी वाटतात. ऐंशी-नव्वदची घेतलीस तर कोरस. बॉस कंपनीचा पहिला कोरस, सीई-१, १९७६ चा, आणि तोसुद्धा आदल्या वर्षी आलेल्या रोलंडच्या जॅझ कोरस अँपमधलाच इफेक्ट वेगळा काढून डब्यात घातलेला. तो आवाज पुढं आपल्याकडच्या गाण्यांत इतका मुरला की क्लीन गिटार म्हटली की गायकांना तीच अपेक्षित असते. तुझ्या रॉक बँडला कोरसची गरज नसेल. ऑर्केस्ट्राला आहे.

आणि सगळ्यात आधी ट्यूनर. मंडपात उघड्यावर, वर हॅलोजन, रात्री दहानंतर गार वारा सुटला की तारा सरकतातच. निवेदक शेर म्हणतोय तेवढ्यात आवाज बंद करून ट्यून करता आलं पाहिजे. क्लिपवाला ट्यूनर चालतो, पण आवाज बंद करत नाही.

पन्हाळा_पॉवरकॉर्ड

काका, यादी काढली. बोललात तसंच निघालं. साठेक गाण्यांत खरा फाटलेला आवाज जेमतेम सात-आठ गाण्यांना, आणि त्यातली बरीच आमच्या बँडचीच.

ताराराणी_टेली

@पुणेकर_टोन, "ट्रू बायपास म्हणजे शुद्ध" हे अर्धंच खरं आहे.

साध्या पॅसिव्ह पिकअपचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा अडथळा) जास्त असतो. त्याच्यापुढं जितकी लांब केबल, तितकी कपॅसिटन्स जास्त आणि तितकी वरची फ्रीक्वेन्सी कापली जाते. साधारण केबल धरली तर मीटरला १०० पिकोफॅराडच्या आसपास. गिटारपासून बोर्डपर्यंत ६ मीटर, बोर्डपासून मिक्सरच्या बॉक्सपर्यंत अजून ६ मीटर, मध्ये पॅच केबल. सगळी पेडलं ट्रू बायपास असतील तर ही सगळी लांबी एकट्या पिकअपच्या बोकांडी बसते आणि आवाजावर घोंगडं पडतं. साखळीत सुरुवातीला एक बरा बफर (कमजोर सिग्नलला जोर देणारं छोटं सर्किट) असला की पुढची लांबी विसरून जायची. बॉसची साधी पेडलं बफरवालीच असतात, टीयू-३ ट्यूनरसुद्धा. म्हणजे काकांनी सांगितलेला ट्यूनर घेतला की बफरचं कामही झालं.

अपवाद एकच. जुन्या धाटणीचा फझ (खूप फाडणारं पेडल) असेल तर तो बफरच्या आधी, थेट गिटारला. त्याला पिकअपच अंगाला लागतो. बफरनंतर लावला की किरकिरतो.

पुणेकर_टोन

बफर वाईट असं मी म्हटलेलंच नाही. प्रत्येक पेडलमध्ये बफर नको एवढाच मुद्दा. आठ स्वस्त बफर ओळीनं लावले तर त्याचाही परिणाम होतो.

ताराराणी_टेली

हे मान्य. एक सुरुवातीला, लागलाच तर एक शेवटी.

मिसळ_विथ_डिले

पुणे आणि कोल्हापूर एका धाग्यावर सहमत. स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

मिक्सरवरचा_माणूस

मी पलीकडच्या बाजूला बसतो, म्हणून थोडं स्पष्ट बोलतो. गिटारवाल्यांनी राग मानू नये.

ओव्हरड्राइव्ह पेडलमधून थेट माझ्या मिक्सरला आलात तर बाटलीत कोंडलेल्या माशीसारखा आवाज येतो. पेडलचा दोष नाही. गिटारच्या अँपचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वरचं जवळजवळ काही बाहेर टाकत नाही, त्यामुळं डिस्टॉर्शनची सगळी करकर तिथं आपोआप गाळली जाते. पीएच्या (पब्लिकसमोरच्या स्पीकरच्या) हॉर्नला असं काही नसतं, तो सगळं दाखवतो. म्हणून अँप नसेल तर बोर्डच्या शेवटी कॅब सिम्युलेशन (अँपच्या स्पीकरची नक्कल) हवंच. वेगळं छोटं पेडल घ्या, नाहीतर मल्टिइफेक्टमधलं वापरा. मी मिक्सरवर ट्रेबल कापून कामचलाऊ करतो, पण मग तुमचा क्लीनही मठ्ठ होतो.

दुसरं म्हणजे सोलो ऐकू न येण्याचं. घरी हेडफोन लावून, हळू आवाजात पॅच बनवता. हळू आवाजात कानाला बास आणि ट्रेबल कमी ऐकू येतात, म्हणून तुम्ही ते दोन्ही वाढवता आणि मिड खाली ओढता. एकट्यानं वाजवताना झकास वाटतं. स्टेजवर आवाज मोठा झाला की कानाला बास-ट्रेबल आपोआप जास्त लागतात, खाली ढोलकी आणि बास गिटार, वर ऑक्टोपॅडच्या झांजा, मध्ये दोन कीबोर्डवाले पॅड दाबून बसलेले. तुम्ही कुठं उरलात? मी फेडर वर नेला तर फक्त गोंगाट वाढतो.

मिड वाढवा. एकट्यानं वाजवताना थोडा नाकातला वाटेल, वाटू दे.

तिसरं, एका पॅचचा आवाज कुजबुजीएवढा आणि दुसऱ्याचा कानठळ्या. प्रत्येक पॅच क्लीनच्या बरोबरीला आणा, फक्त सोलोचा तेवढा वर. हे घरी नको, रिहर्सलला सगळे वाजवत असताना करा.

जुना_ऑर्केस्ट्रावाला

सोळा आणे. म्हणूनच ट्यूब स्क्रीमर १९७९ पासून आजतागायत चालतोय. त्याला एकट्याला ऐकलं तर काही विशेष वाटत नाही, बँडमध्ये मात्र वाट काढतो.

ताराराणी_टेली

त्याचं कारण सर्किटमध्ये आहे. क्लिपिंगच्या (आवाज फाटतो त्या) टप्प्यावर साधारण ७२० हर्ट्झच्या खाली गेन कमी-कमी होत जातो, पुढं टोनचा नॉब वरचं कापतो. उरतो तो मधला फुगवटा. बासवाल्याची जागा बासवाल्याला, झांजांची झांजांना.

गांधीनगर_बेस

बासवाल्याची जागा बासवाल्याला. हे वाक्य फ्रेम करून आमच्या गिटारिस्टच्या घरी लावतो.

पन्हाळा_पॉवरकॉर्ड

मिक्सरवाले दादा, डोळे उघडले. मग सोलोसाठी बूस्टर घेऊ का वेगळा? आणि लावू कुठं?

रंकाळा_रिव्हर्ब

घे. पण ड्राइव्हच्या आधी लावलास तर आवाज मोठा होणार नाही, फक्त जास्त फाटेल. आधीच दाबून भरलेल्या ड्राइव्हला अजून ढकललं की तो अजून दाबतो, वर जात नाही. सोलो वर काढायचा तर बूस्टर ड्राइव्हच्या नंतर आणि डिलेच्या आधी. ४-५ डेसिबल पुरे. दोन्ही जागी लावून बघ, ऐकूनच फरक कळेल.

बाकी क्रम साधा धर: ट्यूनर, वाह, कॉम्प्रेसर (आवाज एकसारखा करणारा) असला तर तो, ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, बूस्टर, फेझर-कोरस, डिले, रिव्हर्ब, शेवटी कॅब. फेझर ड्राइव्हच्या आधी ठेवणारेही आहेत, जुनी चव येते. डिले मात्र ड्राइव्हच्या आधी ठेवू नकोस, प्रत्येक प्रतिध्वनी फाटत बसतो आणि चिखल होतो.

डिले घेशील तो टॅप टेम्पोवालाच. १२० च्या लयीला एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा, डॉटेड एट्थ (पाऊण ठोका) हवं तर ३७५. गणित घरी बरोबर असतं. स्टेजवर ऑक्टोपॅडवाला जोशात आला की १२० चे १२८ होतात आणि तुझा डिले मागं लंगडत राहतो. पायानं दोनदा ठोकलं की जुळला पाहिजे.

मिसळ_विथ_डिले

खटक्यावर पाय, जाग्यावर पलटी.

मिक्सरवरचा_माणूस

😄 हे बोर्डवर रंगवून घ्या.

रिव्हर्ब कमीत कमी ठेवा, हेही सांगतो. लग्नाचे हॉल म्हणजे फरशी, काच आणि पत्रा. तिथं रिव्हर्ब फुकट मिळतो, नको असला तरी.

उद्यमनगर_फॅब्रिकेटर

मला गिटारमधलं कळत नाही, धाकटा भाऊ वाजवतो म्हणून इथं वाचत असतो. त्याचा बोर्ड मी बनवून दिला, त्यातलं सांगतो.

बाजारातल्या तयार बोर्डवर पैसे घालू नका. आपल्या उद्यमनगरात नाहीतर शिरोलीला कुठल्याही शॉपमध्ये ॲल्युमिनियमचे सेक्शन मिळतात. चार-पाच आडव्या पट्ट्या, मध्ये वायर खाली जायला फट, दोन्ही बाजूंना तिरके ब्रॅकेट. मागची बाजू थोडी उंच, म्हणजे मागच्या ओळीवर पाय टाकताना पुढचा नॉब फिरत नाही आणि सप्लाय खाली बसतो. वेल्डिंग करू नका, पातळ ॲल्युमिनियम वाकतं. रिव्हेट मारा, नाहीतर नट-बोल्ट आणि स्प्रिंग वॉशर. काठ कानशीनं मारून घ्या, नाहीतर रात्री अंधारात केबल ओढताना बोट फाटतं. वर पावडर कोटिंग.

माप पेडल बघून ठरवा. भावाची बॉसची पेडलं ७३ मिलिमीटर रुंद, १२९ लांब. एका ओळीत सहा म्हणजे ४४ सेंटिमीटर, आणि प्रत्येक दोघांच्या मध्ये जॅकसाठी अडीच सेंटिमीटर धरले तर साडेबारा. एकूण साडेछप्पन्न. म्हणून ६० बाय ३० केला. स्कूटरच्या फूटबोर्डवर आडवा बसत नाही, उभा बसतो.

रंकाळा_रिव्हर्ब

दादा, नादखुळा. पेडल बसवलं कशानं? वेल्क्रो?

उद्यमनगर_फॅब्रिकेटर

पहिल्यांदा वेल्क्रोच. पण उन्हाळ्यात गाडीत ठेवलं की मागचा डिंक पाघळतो आणि पेडल सरकतं. मग सायकलच्या चेनच्या कड्या वापरल्या. चेन तोडून एकेक कडी सुटी करायची. पेडलच्या तळाचा कोपऱ्यातला स्क्रू काढायचा, तोच स्क्रू कडीच्या एका भोकातून घालून परत आवळायचा. कडीचं दुसरं भोक पेडलच्या बाहेर येतं, त्यातून बोर्डला स्क्रू. पेडलला काही चिकटत नाही, विकताना कोरं. तिरक्या दोन कोपऱ्यांना दोन कड्या पुरतात. नवीनच चेन घ्या, जुनी घेतली तर आधी रॉकेलमध्ये धुवा, नाहीतर ग्रीस सगळीकडं.

पुणेकर_टोन

हे आवडलं. मनापासून.

मिसळ_विथ_डिले

दुसरा स्क्रीनशॉट.

जुना_ऑर्केस्ट्रावाला

आमच्या वेळेला बोर्ड म्हणजे फळ्यांची पेटी, सुताराकडून करून घेतलेली. तीच उलटी केली की बसायला स्टूल. केशवराव भोसलेला वाजवताना विंगेत त्याच पेटीवर बसून चहा घेतलाय. शाहू महाराजांनी बांधलेलं १९१५ चं थेटर ते. बिनमाइकचं शेवटच्या रांगेत ऐकू जायचं, आमच्या अँपला तिथं निम्म्यावर ठेवावं लागायचं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये जळालं त्या रात्री झोप लागली नाही. असो. विषय भरकटला.

गांधीनगर_बेस

भरकटू दे काका. तिथल्या स्टेजवर पहिल्यांदा उभं राहिलो तेव्हा वाजवण्यापेक्षा छताकडंच बघत होतो.

ताराराणी_टेली

पॉवर सप्लायबद्दल अजून कुणीच बोललं नाही, आणि माझ्या मते बजेटचा पहिला तुकडा तिथं जायला हवा.

एका अडॅप्टरला माळ लावून सगळी पेडलं चालवता येतात, तीन-चार साधी अॅनालॉग असतील तर काही बिघडत नाही. पण त्यात एक डिजिटल डिले शिरला की त्याच्या आतल्या क्लॉकची बारीक शिट्टी सामाईक वायरीतून ड्राइव्हमध्ये येते, आणि ड्राइव्ह ती मोठी करून दाखवतो. म्हणून प्रत्येक आउटपुट वेगळा, म्हणजे आयसोलेटेड, असा सप्लाय घ्या. डब्यावर "आठ आउटपुट" लिहिलेलं असतं म्हणून ते आयसोलेटेड असतातच असं नाही. नीट वाचा.

तीन गोष्टी जुळवायच्या. व्होल्टेज: बहुतेक ९ व्होल्ट डीसी, तेवढंच द्या. पोलॅरिटी: बहुतेक पेडलांना मधली पिन निगेटिव्ह. करंट: लागतो त्यापेक्षा जास्त क्षमतेचा सप्लाय चालतो, कमी चालत नाही. साधा ओव्हरड्राइव्ह १०-१५ मिलिअँपिअरवर भागतो, डिजिटल डिलेला त्याच्या कैकपट लागतो. एचएक्स स्टॉम्पसारखं मल्टिइफेक्ट घेतलं तर त्याचा स्वतःचा अडॅप्टरच ३ अँपिअरचा आहे. तो साध्या १०० मिलिअँपिअरच्या आउटपुटवर उठणारच नाही.

पन्हाळा_पॉवरकॉर्ड

ताई, आमच्याकडं राउटरचा छोटा यूपीएस पडून आहे, ९ व्होल्टचा. तो वापरला तर? जत्रेत जनरेटर बदलताना लाइट जाते तेव्हा उपयोगी पडेल.

ताराराणी_टेली

थांब! राउटरला सहसा मधली पिन पॉझिटिव्ह असते. पेडलला बरोबर उलटं. तसाच खुपसलास तर नशीब असेल तर पेडलमधला संरक्षणाचा डायोड वाचवेल, नसेल तर वास येईल. उलटसुलट करणारी छोटी वायर मिळते, पण अशा यूपीएसमध्ये आत स्विचिंग कन्व्हर्टर असतो आणि गिटारच्या कामाला तो आवाज करू शकतो. घरी ड्राइव्ह चालू करून ऐक, मगच स्टेजवर ने.

मिक्सरवरचा_माणूस

लाइट जाण्यावरून एक मुद्दा वेगळ्या पेडलांच्या बाजूनं. जनरेटरवर पलटी मारताना क्षणभर सप्लाय जातो. अॅनालॉग पेडल लाइट आली की त्याच क्षणी चालू. मोठं मल्टिइफेक्ट मात्र कॉम्प्युटरसारखं पहिल्यापासून उठतं. तेवढ्या वेळात मुखडा संपून अंतरा येतो. गिटारवाला गुडघ्यावर बसून स्क्रीनकडं बघतोय हे चित्र मी पुष्कळदा पाहिलंय.

आता शॉकचं. मंडपात, शेतात, हळदीच्या कार्यक्रमात अर्थिंगचा भरवसा नसतो. तुमच्या गिटारच्या तारा अँपच्या किंवा बोर्डच्या अर्थला जोडलेल्या असतात, माइकची जाळी माझ्या मिक्सरच्या अर्थला. दोघांची वीज वेगवेगळ्या ठिकाणाहून घेतली आणि एकीकडं अर्थ नसला, तर तारांना हात आणि ओठ माइकला लागला की झटका. गाणारे गिटारिस्ट, ऐका. वाजवण्याआधी मल्टिमीटर एसीच्या मोठ्या रेंजवर ठेवून एक टोक तारेला, एक टोक माइकच्या जाळीला. चार-दोन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर मला किंवा मांडववाल्याला हाक मारा, तोवर गिटार गळ्यात घालू नका.

गुणगुण घालवायला थ्री-पिनची अर्थची पिन तोडणारे महाभाग आहेत. तोडू नका. गुणगुण असेल तर डीआय बॉक्सवरचं (गिटार मिक्सरला जोडायच्या डब्यावरचं) ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. ते फक्त ऑडिओ केबलचं शिल्ड सोडवतं, विजेचं अर्थ नाही. आणि पेडलबोर्डचा प्लग माझ्याच विजेच्या बोर्डातून घ्या, पलीकडच्या आइस्क्रीमवाल्याच्या एक्स्टेन्शनमधून नको.

ताराराणी_टेली

यात एक बारकावा. दोन पिनवाले स्विचिंग अडॅप्टर असतील आणि कुठंच अर्थ नसेल, तर मीटर शंभराच्या आसपास व्होल्ट दाखवतो पण त्यामागचा करंट अगदी थोडा असतो, नुसती झिणझिण होते. अडचण अशी की मीटरकडं बघून झिणझिणीचा शंभर कुठला आणि जिवावरचा शंभर कुठला हे कळत नाही. म्हणून दोन्ही वेळेला थांबायचंच. आणि मांडववाल्याकडं ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवलेला आहे का एवढं विचारायला लाजू नका.

मिसळ_विथ_डिले

विनोद सुचला होता, पण इथं करत नाही. मिक्सरवाल्या दादांचं सगळ्यांनी ऐका.

रंकाळा_रिव्हर्ब

पॅच केबलबद्दल एक सांगतो. बोर्ड ऐन वेळी बंद पडतो तो दहातून नऊ वेळा पेडलमुळं नाही, वीतभर केबलमुळं. चपट्या जॅकच्या, सोल्डर केलेल्या घ्या किंवा स्वतः करा. सोल्डर केल्यावर टाका चकचकीत दिसला पाहिजे, दाणेदार मळकट दिसला तर परत गरम कर. मग केबल लावून, आवाज चालू ठेवून, प्रत्येक जॅक हलवून बघ. कुठं करकर आली ती केबल तिथंच बाद.

आणि आपला पावसाळा. जुलै-ऑगस्टात बोर्डच्या बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाक, सीझन सुरू व्हायच्या आधी जॅकमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मार. दोन महिने न वापरलेला बोर्ड गणपतीत पहिल्यांदा उघडला की अर्धे जॅक करकरतात.

पुणेकर_टोन

एलईडी वॉलबद्दलही सांगा कुणीतरी. सिंगल कॉइलला (एकेरी पिकअपला) त्याची जी भणभण येते तिच्यावर नॉइज गेट हा इलाज नाही. गेट फक्त तुम्ही थांबल्यावर ती लपवतो, वाजवताना ती तशीच असते.

जुना_ऑर्केस्ट्रावाला

दोन पिकअपच्या मधल्या खटक्यावर जा, बऱ्याच स्ट्रॅटला तिथं भणभण मरते. नाहीतर अंग थोडं तिरकं कर, एका कोनात ती कमी होतेच. तसंच उभं राहून वाजव. पब्लिकला वाटतं स्टाइल मारतोय.

पन्हाळा_पॉवरकॉर्ड

सगळं वाचून, यादी समोर ठेवून असं ठरवतोय. चूक असेल तर आत्ताच सांगा, पैसे अजून खिशातच आहेत.

ट्यूनर बफरवाला. मग सेकंडहँड वाह. मग ट्यूब स्क्रीमर धाटणीचं एक. मग बॉसचा ब्लूज ड्रायव्हर (दुसरा ओव्हरड्राइव्ह), तो इथल्याच एका मित्राकडून मिळतोय. स्क्रीमर त्याच्यात ढकलला की बँडच्या गाण्यांपुरतं फाटतं, म्हणून वेगळं डिस्टॉर्शन नको. मग बूस्टर. शेवटी जुनं मल्टिइफेक्ट ठेवायचं, पण फक्त फेझर, कोरस, डिले आणि कॅबसाठी. पॅच बदलायचाच नाही, एकाच पॅचमधले ब्लॉक पायानं चालू-बंद करायचे, म्हणजे आवाज तुटायला नको. आणि आयसोलेटेड सप्लाय. फ्रेम उद्यमनगरची. बेरीज बजेटच्या आत बसते आणि वर केबलपुरते पैसे उरतात.

पुणेकर_टोन

जुन्या मल्टिइफेक्टमधून क्लीन सिग्नलही जाणार. त्याच्या कन्व्हर्टरमधून गेलेला स्क्रीमर आणि न गेलेला, यात फरक आहे.

मिक्सरवरचा_माणूस

आहे. पण हळदीच्या कार्यक्रमात तो कुणाला ऐकू येणार? मलाही नाही. रॉक बँडला अँप मिळाला तर मल्टिइफेक्ट अँपच्या इफेक्ट लूपमध्ये (अँपवरच्या इफेक्ट जोडायच्या जॅकमध्ये) टाक आणि कॅब बंद कर, विषय मिटला. कॅब बंद करायला विसरू नकोस, नाहीतर अँपमधून गेल्यावर आवाज गोधडीत गुंडाळलेला येईल.

ताराराणी_टेली

त्या जुन्या मल्टिला एकाच पॅचमध्ये चार ब्लॉक पायानं चालू-बंद करता येतात का ते आधी बघ. छोट्यांना दोनच खटके असतात. नसेल जमत तर कोरसचं वेगळं पेडल घे आणि मल्टिला फक्त डिले-कॅब दे. फेझरचं काम वर्षात दोन-चार गाण्यांना, त्यावेळी पॅच बदललास तरी चालेल, गाण्याच्या सुरुवातीलाच बदल.

जुना_ऑर्केस्ट्रावाला

वाह सेकंडहँड घेतोस ते घे, पण पायाखाली पुढंमागं करून बघ. करकर आली तर आतली पॉट (फिरता रेझिस्टर) झिजलेली असते. ती बदलता येते, पण त्या बोलीवर भाव पाड. आणि जास्तीचं एक साधं ९ व्होल्टचं अडॅप्टर बॅगेत पडू दे. सप्लाय गेला तर ट्यूनर आणि स्क्रीमर एवढ्यावर रात्र निभावते.

गांधीनगर_बेस

मी इथं बराच वेळ गप्प बसून ऐकतोय. बासला हेच चालतं का? मला फक्त ट्यूनर, कॉम्प्रेसर आणि थोडा ड्राइव्ह हवाय.

रंकाळा_रिव्हर्ब

चालतं, पण ड्राइव्ह घेताना क्लीन मिसळायचा नॉब असलेला घे. नाहीतर स्क्रीमरसारखा तुझाच खालचा आवाज खाऊन टाकेल आणि मग फ्रेम तुलाच लावावी लागेल. वेगळा धागा काढ, तिथं सविस्तर बोलू.

उद्यमनगर_फॅब्रिकेटर

@पन्हाळा_पॉवरकॉर्ड, फ्रेमला येणार असशील तर सगळी पेडलं आणि पॅच केबल घेऊन ये, नुसती कागदावरची मापं नकोत. वाह लांब असते आणि वाकडी, ती ठेवल्याशिवाय पट्ट्यांमधलं अंतर ठरत नाही. आणि सप्लाय खाली बसवायचा असेल तर त्याची उंची महत्त्वाची, त्यावर मागचे ब्रॅकेट कापायचे.

पन्हाळा_पॉवरकॉर्ड

दादा, वाह या आठवड्यात बघून घेतो. हातात आली की फोन न करता थेट येतो, शॉपवर कोण ना कोण असतंच ना?

उद्यमनगर_फॅब्रिकेटर

असतंच. येताना सायकलची चेन आण, ती मी पुरवत नाही.